उरलेलं एल्समध्ये

"आधी सगळ्या शक्यता मांड, मग उत्तरं लिही," असं दत्तोपंत सर फंक्शनल प्रोग्रामिंग शिकवताना सांगायचे.

बाळांच्या औषधाचा डोस ठरवणारं फंक्शन मी तसंच लिहिलं. प्रत्येक वजनगटाला एक ओळ, आणि 'वजन घेतलंच नाही' यालाही स्वतःची ओळ.

वर्ध्याच्या आमच्या ऑफिसात टीमचे प्रमुख सुमीतसरांनी सगळ्यांदेखत स्क्रीनवर बोट ठेवलं. "नमिताताई, हे काय आरती लिहून राह्यल्या तुमी? इफच्या पोटात इफ घाला, उरलेलं एल्समध्ये टाका. फास्ट पळते."

"मोजलंय, सर. तुमच्या पद्धतीने दहा हजार बाळांमागे तीनच मिलिसेकंद वाचतात. आणि वजन न केलेलं बाळ त्या एल्समध्ये, म्हणजे 'नाहीतर'च्या ओळीत जाऊन सगळ्यात मोठा डोस घेतं."

"उद्या रिलीज आहे. बदला, नाई तर काम दुसऱ्याले देतो."

"द्या. मी बदलणार नाही." माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "नाचणगावच्या दवाखान्यात बाळांना डोस देणाऱ्या जिजाबाई सिस्टरना प्रोग्रामिंग येत नाही, पण या ओळी त्यांना वाचता येतात. त्यांनी तपासल्याशिवाय हे एकाही बाळापर्यंत जाणार नाही, असा शब्द दिलाय मी."

मी ओळींची प्रिंट काढली, चतुर्थीच्या उपासाचा डबा पिशवीत टाकला आणि नाचणगावला जायला पुलगावच्या एसटीसाठी निघाले.