जाऊबाईंचं जेल

"एक बरं की दोन?" हा प्रश्न मी दिवसभर विचारते. आमचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढे काउंटरवर फ्रेम्स दाखवायला माझी थोरली जाऊ, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासायला मी. माणूस खुर्चीत बसतो, मी त्याच्या डोळ्यांपुढे एक भिंग घालते, काढते, दुसरं घालते आणि विचारते, एक बरं की दोन? सुरुवातीला सगळे ठणकावून उत्तर देतात. पुढे पुढे गडबडतात. "परत दाखवा हो," म्हणतात. शेवटी "दोन्ही सारखंच दिसतंय, तुम्हीच ठरवा" म्हणून मोकळे होतात. मला या लोकांचा भारी राग यायचा. डोळे तुमचे, दिसतंय तुम्हाला, आणि ठरवायचं मी?

मग डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि माझी खोड मोडली.

पाळी जाऊन वर्ष उलटलं होतं. काम करता करता एकाएकी छातीतून गरम वाफ उठायची, मानेवरून डोक्यात चढायची आणि माझाच चष्मा धुरकट व्हायचा. समोरच्याला खालची ओळ वाच म्हणून सांगायचं, आणि मला वरचीही दिसत नसायची. झोपेचं खोबरं झालं होतं, डोक्यात काही राहत नव्हतं. एका शिक्षिकेच्या उजव्या डोळ्याचा नंबर मी डाव्याला लिहिला. तयार चष्मा घालून ती दारापर्यंत गेली आणि चौकटीवर आदळली. जाऊबाईंनी हसून, माफी मागून वेळ मारून नेली. मी मात्र आतल्या खोलीत दार लावून रडले. मला दुसरं काही येत नाही. डोळे तपासणं सुटलं, तर मी त्या दुकानात कोण?

म्हणून बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पाळी गेल्यावर शरीरात कमी पडणारं हार्मोन बाहेरून घ्यायचं, असं सांगून त्यांनी शांतपणे सगळे प्रकार मांडले. गोळी घ्यायला सोपी, पण पोटातून जाते, त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा जास्त. कातडीवर चिकटवायचा पॅच असतो, त्यात तो धोका कमी. जेल रोज दंडाला चोळायचं आणि वाळू द्यायचं. शिवाय एका औषधाबरोबर दुसरंही लागतं. कशात दोन्ही एकत्र असतात, कशात नसतात, मग वेगळी कॅप्सूल. मी मान डोलवत होते. नेमकी तेव्हाच वाफ उठली, चष्मा धुरकटला, आणि दुसऱ्या औषधाचं बोलणं कानावरून गेलं.

"मग? पॅच बरा वाटतो की जेल?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही सारखंच वाटतंय," मी म्हटलं. "तुम्हीच ठरवा."

त्यांनी पॅच दिला. घरी नवऱ्याने मोबाइल उघडून मला भंडावून सोडलं.

"अगं, इथे लिहिलंय की धोका आहे. घेऊ नकोस."

चहा संपायच्या आत म्हणाला, "इथे लिहिलंय की घेतलेलं चांगलं. घे."

"अहो, इथे म्हणजे कुठे?"

"तेच तर कळत नाहीये," तो म्हणाला. इतकं खरं तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल.

पॅचने बरं वाटायला लागलं, पण घामाने तो सुटायचा. एकदा शोधून शोधून थकले, तर नवऱ्याच्या बनियनला पाठीवर चिकटलेला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मला आता काय होईल?" म्हणाला. "थोडी अक्कल येईल," मी म्हटलं. पण वैताग होताच. चिकटवलेल्या जागी खाज सुटायची, आणि कामात असताना सारखं चाचपून बघावं लागायचं.

हे जाऊबाईंच्या डोळ्यांतून सुटणं शक्य नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या टेबलावर एक ट्यूब ठेवली.

"मी हेच लावते. झकास आहे. दोन आणल्या, एक तुला."

"अहो ताई, पण माझं औषध..."

"अगं, औषध तेच, फक्त लावायची तऱ्हा वेगळी. तो पॅच टाक काढून."

आता आमच्या घरचा एक कायदा सांगायला हवा, नाहीतर मी इतकी बिनडोक कशी वागले ते कळणार नाही. आमच्या सासूबाई दोन सुनांसाठी प्रत्येक गोष्ट जोडीने आणायच्या. एकीला स्वेटर तर दुसरीला तोच, एकीला छत्री तर दुसरीलाही. घरात हेवादावा नको. मला दिवस गेले, तेव्हा त्यांनी दोन ढगळ गाऊन आणले. जाऊबाईंना मूल नव्हतं, पुढे झालंही नाही. तरी त्यांनी माझी मुलगी होईपर्यंत तो गाऊन घरात घातला, हसत हसत. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो की येणारा-जाणारा विचारायचा, दोघींनाही का? सासूबाई गेल्या, कायदा राहिला. तेव्हा ट्यूब टेबलावर आली आणि मी डॉक्टरांना न विचारता घेतली. विचारायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

आणि खरं सांगते, काय सुख लागलं! रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघी बाह्या वर सारून, दंड वाळवत बसायचो, जणू आत्ताच भिंत रंगवून आलोय. वाफा थांबल्या. झोप लागायला लागली. ती शिक्षिका पुन्हा आली, नवा चष्मा घेऊन चौकटीतून सरळ बाहेर गेली. मला वाटलं, सुटले.

काही महिन्यांनी एका दुपारी मला रक्त दिसलं.

पाळी तर गेली होती. मग हे काय? नवऱ्याने वाचलेलं सगळं एकदम आठवलं. गिऱ्हाईक खुर्चीत तसंच बसलेलं, आणि मी हातात भिंग घेऊन उभी, एक की दोन काहीच सुचेना. जाऊबाईंना काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते मलाच कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. गर्भपिशवीचं अस्तर जाड झालं होतं. आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. मग विचारलं, "पॅच नियमित लावताय ना?" मी पर्समधून ट्यूब काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"हे कुणी दिलं?"

"जाऊबाईंनी. त्या हेच लावतात. त्यांना काही त्रास नाही."

"त्यांची पिशवी काढलेली आहे का?"

जाऊबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर मीच तर बसले होते. घरी आणल्यावर त्यांची वेणी मी घातली होती. मला ठाऊक होतं, आणि तरी ठाऊक नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या जेलमध्ये एकच औषध आहे. ते एकटं घेतलं की पिशवीचं अस्तर वाढत जातं. त्याला आवर घालायला दुसरं लागतं. तुमच्या पॅचमध्ये दोन्ही होती. त्यांना पिशवीच नाही, म्हणून एक पुरतं. तुम्हाला नाही पुरत."

आठवडाभर जीव टांगणीला लागला होता. त्याहून जड होतं ते जाऊबाईंना सांगणं. सांगावं, तर आपल्या हातून हे झालं म्हणून त्या खचणार. सांगू नये, तर रोज सकाळी दंड पुढे करून काय करणार? दोन्ही वाटांनी वाईटच दिसत होतं. शेवटी त्या स्वतःच मागच्या खोलीत आल्या, दार लावलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या.

"तू जेल लावायचं थांबवलंस. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं तेही. खोलीतला दिवा बंद होता, फक्त समोरचा अक्षरांचा तक्ता उजळलेला. जाऊबाईंची नजर त्या तक्त्यावर होती.

"ताई, तुमची काही चूक नाही. मला माहीत होतं, मीच..."

"मलाही सांगितलं होतं ना माझ्या डॉक्टरांनी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पिशवी नाही, म्हणून एवढंच पुरे, असं. चांगलं स्पष्ट सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय! विसरले. आयुष्यात पहिल्यांदा तुझं नि माझं खरंच सारखं होतं गं. तुलाही वाफा, मलाही वाफा. तुलाही झोप नाही, मलाही नाही. रोज सकाळी तुझ्याशेजारी दंड वाळवत बसायचे ना, तेव्हा आपल्याला पिशवीच नाहीये, हे मी विसरूनच जायचे."

मला राग यावा की रडू, काही समजेना. दोन्ही आलं. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं, त्याच पोटाशी, आणि बाहेर गिऱ्हाइकाने बेल वाजवली तरी कुणी उठलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. अस्तर वाढलेलं होतं, पण वाईट काही नव्हतं. जिवात जीव आला. डॉक्टरीणबाईंनी या वेळी मला दोनदा समजावलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं: पॅच सोसत नसेल तर जेल लावा, पण सोबत झोपताना ही कॅप्सूल, चुकवायची नाही, आणि पुन्हा रक्त दिसलं तर लगेच यायचं. "कळलं?" त्यांनी विचारलं. मी सगळं परत म्हणून दाखवलं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करत होते. जाऊबाई औषधाच्या दुकानातून आल्या. हातातली पिशवी त्यांनी काउंटरवर उपडी केली. कॅप्सूलचं खोकं बाहेर पडलं. मी सवयीने पिशवीत हात घालून दुसरं शोधायला लागले.

त्यांनी माझा हात धरून बाहेर काढला आणि खोकं माझ्या मुठीत दिलं.

"शोधू नकोस," त्या म्हणाल्या. "एकच आणलंय."