करुणाताईंनी ऐकलेलं इतिवृत्त

स्वतःच्या तोंडानं सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आमचं 'बोलका' हे अ‍ॅप मोबाइलवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवतं, अंध माणसांसाठी. फुकट आहे, आणि आतला प्रोग्रामही उघडा. कुणीही बघावा, सुधारावा. मी मांडवीला घरी बसून तो लिहितो. लांज्याच्या करुणाताई स्वतः अंध, शाळेत शिकवतात. गेली सहा वर्षं, शाळा सुटली की 'बोलका'च्या चुका काढत बसतात. "सुजय, तुमचं यंत्र आज परत अडखळतंय हो," असा त्यांचा फोन आला की मी आधी चिडायचो, मग मुकाट दुरुस्त करायचो. कारण चूक असायचीच.

यंदा एका संस्थेनं देणगी दिली. मानधन कुणाला द्यायचं हे आम्ही तिघा प्रोग्रामवाल्यांनीच ठरवलं. ठराव माझा, बैठकीचं इतिवृत्तही मीच लिहिलं: 'प्रोग्राम लिहिणाऱ्यांना मानधन द्यावे. चुका तपासणारे हौसेने करतात, त्यांना गरज नाही.' आमच्यात सगळं उघड ठेवायचा नियम, म्हणून ते प्रकल्पाच्या पानावर टाकलं. वर नियम पाळला म्हणून खूशही झालो!

आता माझी अक्कल बघा. 'बोलका'ची नवी आवृत्ती निघाली की करुणाताई त्या पानावरचा सगळ्यात ताजा मजकूर लावून ऐकतात, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. त्यांची तपासायची रीतच ती. आणि नवी आवृत्ती मी त्याच संध्याकाळी काढली.

सकाळी त्यांचा निरोप आला. 'इतिवृत्त पूर्ण ऐकले. एकही चूक नाही.' फोन नाही, चिडवणं नाही. मिळेल ती एसटी पकडून लांजा गाठलं.

"या, बसा. चहा टाकते," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, माझ्या वाटचं तुम्ही घ्या. माझं चुकलं."

"तुमच्यातलं तोडून कशाला? मला पैसे नकोत असं मी कुठे म्हटलं? द्यायचे तर सगळ्यांना रीतसर द्या."

"आजच ठराव बदलतो."

"बदला." त्यांनी चाचपत कप माझ्यापुढे सरकवला. "काल वाटलं, सुजयनं हे माझ्यापासून लपवायला तरी हवं होतं. लपवलं असतंत, तर तुम्हाला कुठेतरी टोचलं असं मी समजले असते. तुम्ही तर सरळ लिहून टाकलंत. आणि पहिली ऐकणारी मीच, हे तुमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

मेल्या, बोल काहीतरी, असं मी स्वतःला म्हणत होतो. 'विसरलो हो ताई,' एवढंच ओठांवर आलं होतं.

पण त्या तेच तर म्हणत होत्या.