शोधातून वगळलेला आवाज

माझ्या मोठ्या भावाला घरात आम्ही झटपट म्हणतो. तो कंपन्यांना वेळ कसा वाचवावा हे शिकवतो आणि लोक त्याचे पैसेही देतात. जगात कशाकशाला गिऱ्हाईक मिळेल सांगता येत नाही.

त्याचा सगळा संसार कंप्यूटरवरच्या एका लाँचरवर चालतो. दोन बटणं दाबायची, पट्टी उघडते, दोन अक्षरं टाइप केली की हवी ती फाइल समोर हजर. "फोल्डर उघडत बसतात ती रिकामटेकडी माणसं," असं तो मला ऐकवायचा. आपली कुठली फाइल कुठे आहे हे त्याला गेल्या कित्येक वर्षांत ठाऊक नव्हतं, आणि ह्याचीच तो शेखी मिरवायचा.

बाबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा वाचा-उपचाराच्या बाईंनी आधी त्यांचा आवाज साठवून घ्यायला सांगितलं. पुढे बोलणाऱ्या यंत्रात तोच आवाज बसवता येणार होता. चांगला माइक दादाकडे, म्हणून त्याच्या खोलीत आम्ही दुपारच्या दुपार बसलो. बाईंच्या सांगण्यावरून प्रत्येक फाइलला तिच्यातल्या वाक्याचंच नाव दिलं. बाबा रोज बोलतात तेच बोलले. दार लाव. कोण आलंय? पंखा बंद कर, गाढवा. मी प्रत मागितली. "पाठवतो गं, एका क्लिकचं तर काम आहे," दादा म्हणाला. ती क्लिक काही झाली नाही.

शस्त्रक्रिया होऊन बाबा दवाखान्यात असताना दादा एका बड्या कंपनीपुढे पडद्यावर काहीबाही दाखवत होता. बंद पडलेल्या शाखांचा अहवाल काढायला त्याने "बंद" टाइप केलं आणि सवयीने न बघताच एंटर दाबलं. भरल्या सभेत बाबा कडाडले, "पंखा बंद कर, गाढवा!" लोक पोट धरधरून हसले. मला विचाराल तर त्या दिवसाच्या सल्ल्यात तेवढंच एक कामाचं होतं.

दादासाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन त्याने लाँचरच्या सेटिंगमध्ये त्या आवाजांचा "बाबा" नावाचा फोल्डर शोधातून वगळला. मला फोन करून वर सांगितलं, "आता बघ, बाबांचं काही म्हणजे काही दिसणार नाही." नेमक्या त्याच दिवशी बाबा पहिल्यांदा उठून बसले होते. त्याबद्दल त्याने विचारलंसुद्धा नाही.

मग त्याने नवा कंप्यूटर घेतला. जुन्यातलं लाँचरने दाखवलं तेवढंच उचललं. "बाबा" टाइप केल्यावर काहीच आलं नाही, तेव्हा फाइली मीच नेल्या असणार असं त्याने ठरवून टाकलं. मला विचारायला वेळ कुठला! जुना कंप्यूटर आतून पार पुसून दुकानात विकून मोकळा झाला.

हे सगळं बाहेर आलं ते बाईंच्या खोलीत, त्यांनी फाइली मागितल्यावर.

"मी शोधलं होतं," दादा म्हणाला. "काहीच नव्हतं तिथे."

"अरे, तूच तर ते शोधातून काढून टाकलं होतंस!"

"पण शोधात नाही म्हणजे..." दुसऱ्यांना शहाणपण विकणारा माणूस, आणि वगळलेलं आणि नसलेलं ह्यातला फरक त्याला त्या खुर्चीत बसून कळत होता. मला त्याची जराही कीव आली नाही. किळस आली.

बाईंनी यंत्रातले तयार आवाज ऐकवले. सगळे गुळगुळीत, बातम्या वाचल्यासारखे. बाबा मान खाली घालून ऐकत होते. एकालाही त्यांनी हो म्हटलं नाही.

दादाची चुळबुळ सुरू झाली. त्याने घड्याळ पाहिलं आणि एकदम त्याचा चेहरा खुलला.

"बाई, एवढं काय त्यात? पुन्हा रेकॉर्ड करून घेऊ. अर्ध्या तासाचं काम आहे!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग बाबांच्या गळ्याकडे पाहिलं. बाबांनी मान वर केली, दादाकडे बघत तोंड उघडलं, आणि गळ्यातल्या भोकातून नुसता वारा बाहेर आला.