बिडाची कढई

तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरातली सगळी भांडी जमिनीवर मांडली आणि तिसऱ्यांदा मला त्यातलं एकही पटलं नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं जाळ वाढला की कधी दगा देईल, सांगता येत नाही. पत्र्याच्या डब्याला जोड, आणि जोड म्हणजे गळती. स्टीलचं भांडं इतकं पातळ की ओतताना वाकलं तर वितळलेलं शिसं थेट पायावर यायचं.

चाळीस वर्षं मी टायरच्या दुकानात चाकांचा तोल साधून दिला. त्यासाठी चाकांना लावतात ती शिशाची वजनं टाकाऊ झाली की घरी आणायची माझी जुनी खोड. आता दुकान सुटलं आणि मागच्या अंगणात दोन बादल्या शिसं तेवढं राहिलं. गल्लीतल्या जाळीवाल्याने मासे धरायच्या जाळ्यांसाठी वजनं ओतून मागितली, तेव्हा मला खरंच आनंद झाला. दीड वर्ष मी बायकोच्या औषधांच्या वेळा सांभाळण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. तिला झटका आला, त्यातून पाय सावरला, बोलणंही परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तिथेच राहतो.

सकाळपासून भंगारवाल्याकडे माझ्या दोन खेपा झाल्या होत्या. त्याने एक लोखंडी भांडं काढलं, मी म्हटलं याला तडा आहे. दुसरं काढलं, ते उथळ निघालं. काका, भांडं बघताय की सून, असं त्याने विचारलं आणि मी तणतणत घरी आलो. माझा राग त्याच्यावर नव्हताच.

हवं ते भांडं घरातच होतं. जाड बिडाची, दोन कानांची, खोल कढई, जाळात टाकली तरी तिला काही होणार नाही. बायकोने आयुष्यभर तिच्यात रांधलं; भरलेली कढई ती दोन फडक्यांत धरून सहज उतरवायची. आता कढई भिंतीला टांगलेली असते. गंजू नये म्हणून दर आठवड्याला मी तिला तेल लावतो, हात बरा झाला की बायकोला लागेल म्हणून. आणि शिसं एकदा ज्या भांड्यात वितळलं, त्यात पुन्हा कधी अन्न शिजवायचं नसतं.

बायको दाराशी खुर्चीत बसून माझी ही उलथापालथ बघत होती. मी भांडी आपटत परत फळीवर लावायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, "ती कढई का नाही घेत?"

"कुठली?"

"अहो, घरात एकच आहे."

ती तुला लागेल, असं मी तिच्याकडे न बघता म्हणालो. डॉक्टरांनी धीर धरायला सांगितलंय, हेही जोडलं.

"मागच्या खेपेला डॉक्टर हाताबद्दल काहीच बोलले नाहीत. तुम्ही होतात की तिथे."

होतो. ते गप्प झाले तेव्हा मीच घाईघाईने रक्तदाबाचं विचारलं होतं.

"मला बरं वाटावं म्हणून तुम्ही तेल लावत बसता," ती म्हणाली, "आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी बघत बसते. पुरे आता. काढा ती."

मी कढई काढली. हातात ती अजून तितकीच जड लागली.

दुकानात आमची एक रीत होती. जुनी वजनं वितळवायच्या भांड्याच्या दोन्ही कानांवर कानशीने खाच पाडायची, म्हणजे चुकूनही कुणी त्यात काही शिजवायला घेऊ नये. मी कानस आणून खाली बसलो, तर तिने डावा हात पुढे केला. मी करतो म्हटलं. तिने हात मागे घेतला नाही.

मग मी कढई तिच्या गुडघ्यांवर दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ती डाव्या हाताने घासू लागली. कानस सारखी घसरत होती. लोखंडाची काळी भुकटी तिच्या मांडीवरच्या हातावर पडत होती, ती तिला झटकता येत नव्हती आणि मला कढई सोडता येत नव्हती. बऱ्याच वेळाने एक वाकडी खाच पडली. तिने त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"दुसरा कान इकडे करा," ती म्हणाली.

मी कढई फिरवली.