कन्नडला आलेला इथिओपिया

"मी नाही बोलणार, मॅडम. दुसरं कुणी बघा," देरेजे म्हणाला आणि त्याने वसतिगृहातल्या आपल्या खोलीचे दार अर्धे लोटून घेतले.

सरोजिनीबाई दारातून हलल्या नाहीत. विद्यापीठाच्या विस्तार विभागात त्या कारकून होत्या आणि एक काम त्यांनी हौसेने अंगावर घेतले होते. शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी, देशोदेशी राहून आलेले प्राध्यापक यांना गाठायचे आणि महिला मंडळात, ज्येष्ठांच्या संघात, शाळेत त्या त्या देशाविषयी बोलायला न्यायचे. मानधन नाही, चहा आणि नारळ. शहागंजच्या व्यापाऱ्यांना त्यांनी येमेन ऐकवला होता, शाळेतल्या पोरांना थायलंड. स्वतः त्या हैदराबादच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या.

इथिओपियाचा देरेजे मातीवर संशोधन करायला आला होता. मराठी त्याला बऱ्यापैकी येई. पण गेल्या आठवड्यात औरंगपुऱ्यातल्या ज्येष्ठांपुढे तो पडदा लावून पाऊसमान आणि निर्यातीचे आकडे सांगत राहिला. निम्मे श्रोते पेंगले. शेवटी एका आजोबांनी विचारले, "तुमच्याकडं कायम दुष्काळच ना हो?" देरेजेने पडदा गुंडाळला. तो तसाच खाली बसला. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, "बाई, पुरे आता ही हौस. कन्नडच्या बचत गटाचं ठरलंय तेवढं उरका."

आणि आता कन्नडला जायला माणूसच तयार नव्हता.

"बरं," म्हणून बाई वळणार तोच आतून खमंग, जरासा जळका वास आला. "काय भाजतोयस रे?"

"कॉफी. आईने पाठवली. कच्चे दाणे असतात, ते आपण भाजायचे." बोलताना त्याचा चेहरा थोडा सैल झाला.

"मग बोलू नकोस. कन्नडला येऊन कॉफी कर."

एसटीत तो सगळी वाट दाण्यांची पिशवी मांडीवर धरून बसला. कन्नडच्या बचत गटाच्या प्रमुख मालनबाईंनी देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. पुढेच बसलेल्या म्हाताऱ्या दगडाबाईंनी पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळले. "लई वाळलंय लेकरू. जेवतंय का नाय?"

बायका हसल्या. देरेजेने घाबरून सरोजिनीबाईंकडे पाहिले. त्यांनी त्याच्यापुढे शेगडी सरकवली आणि मालनबाईंच्या घरचा बिडाचा तवा तीवर ठेवला.

दाणे हिरव्याचे तांबूस झाले, मग काळपट, तडतडू लागले. देरेजेने तवा फडक्यात धरून उचलला. "आमच्याकडे पाहुण्याला आधी वास देतात," म्हणत तो धुरकट तवा घेऊन दगडाबाईंपुढे वाकला. त्यांनी आरती घ्यावी तसा दोन्ही तळव्यांनी धूर घेतला आणि चेहऱ्यावरून फिरवला. मग एकेका बाईने तसेच केले. तवा मागच्या रांगेपर्यंत जाऊन आला.

खलबत्त्यात तो दाणे कुटू लागला तर दगडाबाईंना राहवेना. "आण इकडं! असं हळूहळू कुटतेत व्हय? निम्मी जिंदगी गेली माझी मिरच्या कुटण्यात."

कॉफी उकळेस्तोवर मालनबाईंनी ज्वारीच्या लाह्यांची परात आणली. देरेजे पाहतच राहिला. "हे कुणी सांगितलं? आमच्याकडे कॉफीबरोबर लाह्याच देतात. मक्याच्या!"

"कुनी सांगायला कशाला पायजे?" दगडाबाई म्हणाल्या. "पावन्यापुढं काय, नुसता कप ठिवायचा?"

आणि मग तो बोलायला लागला. पीठ आंबवून केलेली, घावनासारखी जाळीदार भाकरी. एकाच ताटात सगळ्यांनी जेवायचे आणि पहिला घास दुसऱ्याच्या तोंडात घालायचा. बायका मध्येच अडवून विचारत होत्या, तो हात हलवून सांगत होता, शब्द अडला की चार जणी चार शब्द पुरवत होत्या.

"कॉफी घरी कोण करतं?" मालनबाईंनी विचारले.

"आई. मुलाने केली तर लोक हसतात."

"मग तू कधी शिकला?"

"इथे आल्यावर," तो म्हणाला. "आठवण यायची म्हणून."

मग दगडाबाई म्हणाल्या, "लाव तिला फोन. आत्ता लाव."

मोबाईलच्या पडद्यावर पांढरा पदर डोक्यावर घेतलेली एक बाई आली. तव्याशी बसलेला मुलगा पाहून तिने तोंडावर हात घेतला आणि हसत सुटली. दगडाबाईंनी मोबाईल आपल्याकडे ओढला. "अवो बाई, काळजी करू नका! लई गुणाचं लेकरू हाय तुमचं. आमी हावोत ना हितं!" पलीकडून तिच्या भाषेत लांबलचक उत्तर आले. "व्हय, व्हय," दगडाबाई मान डोलावत होत्या. देरेजे अर्थ सांगायला पुढे झाला तर त्यांनी त्याला हातानेच थोपवले. "तू गप. आमचं चालू हाय."

हसण्याने मंडप दणाणला. मालनबाई सरोजिनीबाईंच्या कानाशी लागल्या. "ताई, पुढच्या खेपेला कोणता देश आणता?"

विभागप्रमुखांना काय सांगायचे ते उद्या बघू. "तुम्ही म्हणाल तो," सरोजिनीबाई म्हणाल्या.

देरेजे त्याच भुकटीवर पुन्हा उकळलेले कॉफीचे तिसरे पाणी वाटत होता. हे आशीर्वादाचे, सगळ्यांनी घ्यायचेच. सरोजिनीबाई आपला कप घेऊन मागच्या रांगेत, सतरंजीच्या कडेला टेकल्या. उशिरा आलेल्या एका बाईने विचारले, "तुमी कोणच्या गटाच्या, ताई?"

"मी ऐकायला आलेय."

"मंग अशा कडंला कामून बसल्या?" ती बाई सरकली, आणि आपल्या ओच्यातल्या मूठभर लाह्या तिने सरोजिनीबाईंच्या ओंजळीत घातल्या.