सात पायांचा खेकडा

मी एक जुना लाकडी ठसा आहे. जुना म्हणा, झिजलेला म्हणा, पण बिचारा म्हणालात तर मला खपणार नाही. माझ्या अंगावर एक खेकडा कोरलेला आहे आणि त्याने नांगीत मिरची धरली आहे. हा खेकडा कुणाचा, यावरून आमच्या ग्रेनडा देशात चांगलीच जुंपली होती. मित्रांनो, ती हकीकत मी स्वतःच सांगणार. दुसऱ्या कुणी सांगितली तर तो मला बिचारा करून टाकील.

त्याच देशातल्या कारियाकू बेटावर कॉस्मो होड्या बांधायचा. एका होडीच्या उरलेल्या फळीतून त्याने मला कोरले. त्याची बायको इस्मे मिरचीचा सॉस करून विकत असे. सगळे बेट तिला टांटी म्हणते, तुम्ही मावशी म्हणता तसे. बाटल्यांवर डकवायच्या कागदांसाठी तिला स्वतःचे चिन्ह हवे होते. कोरताना कॉस्मोची पटाशी घसरली आणि खेकड्याचा एक पाय उडाला.

"सातच पाय?" टांटी म्हणाली. "लंगडा खेकडा गळ्यात मारतोस होय माझ्या?"

"खेकडा तसाही तिरपाच चालतो," कॉस्मो म्हणाला. "कोण बघतंय!"

खरेच कुणी बघितले नाही. मी शाईत बुडायचो आणि कागदावर आदळायचो, वर्षानुवर्षे. राजधानीला जाणाऱ्या बोटीवरचे खलाशी तळलेल्या माशाबरोबर "ती खेकड्याची बाटली द्या" असेच म्हणायचे. ऑल्ड्रिक नावाचा राजधानीतला एक व्यापारी आमच्या बाटल्या हॉटेलांना पुरवू लागला. फार गोड बोलायचा. मला तळहातावर घेऊन म्हणायचा, "टांटी, हा खेकडा म्हणजे सोनं आहे." मीही फुगलो होतो. कुणी कौतुक केले की त्याची नजर कुठे आहे, ते पाहायचे राहून जाते.

मग ते वादळ आले. आमच्या स्वयंपाकघराचे छप्पर उडाले. आमचे मिरचीचे एकही झाड उभे राहिले नाही. मी भिंतीखालच्या चिखलात पडलो होतो. टांटीने मला उपसून काढले, दात घासायच्या ब्रशाने माझ्या रेघांतला चिखल काढला आणि उन्हात ठेवले. शेजाऱ्यांच्या परसात ज्या चार मिरच्या वाचल्या होत्या, त्यांच्या थोड्याच बाटल्या त्या हंगामात झाल्या. त्या बेटावरच संपल्या. पण एकही बाटली माझ्या छापाशिवाय दाराबाहेर गेली नाही.

पुन्हा रोपे धरली, तेव्हा टांटी राजधानीला निघाली. तिथे धक्क्याजवळ तिची मैत्रीण ओडेट खानावळ चालवते. मी टांटीच्या पिशवीत होतो, कारण छापखान्यात मला दाखवायचे होते. पाऊल आत पडताच ओडेट गिऱ्हाइकांसमोरच कडाडली.

"आलीस? वादळानं तुझी अक्कलपण उडवून नेली की काय गं? हा सॉस आहे की साखरेचं पाणी? माझी गिऱ्हाइकं मला शिव्या देतायत!"

"कुठला सॉस?" टांटी म्हणाली. "वादळानंतर मी तुला एक तरी बाटली पाठवलीय का?"

ओडेटने एक बाटली तिच्यापुढे आपटली. चकचकीत कागद, त्यावर खेकडा आणि त्याच्या नांगीत मिरची. खाली कारखान्याचे नाव होते ऑल्ड्रिकचे.

टांटीने बाकावर बसून ते नाव पुन्हा वाचले. ओडेट तिच्या शेजारी बसली. मग ओडेटने आपल्या भाचीला बोलावले. तिचे नाव जोएला, ती वकील आहे. जोएलाने चौकशी केली आणि दुपारी तोंड पाडून आली. ऑल्ड्रिकने खेकडा आपल्या नावावर नोंदवायला अर्ज टाकला होता. तो सरकारी राजपत्रात छापूनही आला होता. मुदतीत हरकत घेतली नाही, तर खेकडा त्याचा होणार होता.

"म्हणजे मी माझाच ठसा मारला, तर चोर मी?" टांटीने विचारले.

"हो, टांटी. तुम्ही नोंदणी का नाही केलीत?"

"अगं, स्वतःच्या पोराची कुणी पावती मागतं का?"

"आता मागतील," जोएला म्हणाली. "हरकत घेऊ या?"

"घेऊ या काय विचारतेस? चल!"

ऑल्ड्रिकला ते कळले. तो खानावळीत आला आणि म्हणाला, "टांटी, या वयात कशाला दगदग? माझ्याकडे या, चव तुम्ही बघा, बाकीचं मी बघतो."

"चव बघितली तुझी," टांटी म्हणाली. "थुंकून टाकली."

पुढे नोंदणी कचेरीत अधिकारी बाईंपुढे सुनावणी झाली. मी टेबलावर होतो आणि शेजारी त्याची चकचकीत बाटली होती. त्याच्या वकिलाने आधी सांगितले की वादळानंतर बाईंनी चिन्ह सोडूनच दिले. तेव्हा कारियाकूहून आलेले शेजारी उठले. टांटीच्या दारातून छापाच्या बाटल्या आपण नेल्या, असे त्यांनी शपथेवर सांगितले. मग वकिलाने दुसरा डाव टाकला.

"शिवाय दोन्ही चिन्हं वेगळी आहेत. आमच्या खेकड्याला आठ पाय, यांच्या खेकड्याला सात."

अधिकारी बाईंनी टांटीकडे पाहिले.

"बाई," टांटी म्हणाली, "दुकानात बाटली उचलताना तुम्ही पाय मोजता?"

अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी ओडेटला विचारले, "आपण ही बाटली का घेतली?"

ओडेट उठून उभी राहिली. "इस्मेची समजून. आणि सगळ्यांसमोर तिलाच बोलले मी. इतक्या वर्षांची मैत्रीण, तरी तिला बोलले. पाय मोजायचं सुचलंच नाही मला."

निकाल लागला. ऑल्ड्रिकचा अर्ज फेटाळला गेला. टांटीने स्वतःचा अर्ज केला आणि खेकडा तिच्या नावावर चढला. बाटलीवरच्या 'कारियाकू' या शब्दावर मात्र तिला एकटीचा हक्क मिळाला नाही. बेटाचे नाव कुणीही वापरू शकतो, असे कचेरीने कळवले. जोएलाला वाईट वाटले. टांटी म्हणाली, "बरोबरच आहे. बेट काय कॉस्मोने कोरलंय?"

आता कागद यंत्रावर छापले जातात, सात पायांसकट. एका हॉटेलवाल्याने मला काचेत बसवून भिंतीवर लावायला मागितले. टांटीने त्याला विचारले, "का, मेलाय का तो?" आणि मला खोक्यांवर छाप मारायच्या कामाला लावले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना मखमलीत ठेवू नका. आमचे नाव वेळेवर नोंदवा आणि नोंदणीची मुदत संपायच्या आत पुन्हा नोंदवा. पण तेवढ्यावर विसंबू नका. आम्हाला रोज वापरा, कारण कपाटात पडून राहिलेल्या चिन्हावर कायदाही कायमचा पहारा देत नाही. आणि कुणी आमच्यावर हात टाकला, तर चारचौघांत ओरडा. लाज त्याला वाटू द्या.

चला, बाजूला व्हा. खोकी भरली आहेत, शाई ओली आहे, आणि मला अजून पुष्कळ आदळायचे आहे.