भरलेलं विमान

माझी बायको सुगंधा मे महिन्यात एका पहाटे वारली. आजारी होतीच; घरीच, झोपेत गेली. आमचा एकुलता मुलगा ललित तेव्हा हैदराबादला होता. तो विमान कंपनीत काउंटरवर बसतो. प्रवाशाची बॅग वजनाला लावायची, नाव बघायचं, हातात पास द्यायचा, हे त्याचं काम.

कंपनी स्वस्त तिकिटाची. मधे ती बंद पडली होती. तेव्हा ललित वर्षभर घरी बसला आणि गावाने त्याचं नाव पायलटसाहेब ठेवलं. मग कोणा नव्या मालकाने कंपनी घेतली, विमानांना नवा रंग दिला आणि हैदराबाद-जळगाव पुन्हा सुरू केलं. ललितला परत बोलावलं. आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधे, एरंडोलच्या अलीकडे. शेजारी रतिलाल ओट्यावर बसून म्हणायचा, "आपला लोके एष्टीना. इमानमा कोन बसी? दिवाळीलोंग टिकनी तरी भलतं."

सुगंधाला ते लागायचं. फोनवर ती ललितला आधी तेच विचारायची, "आज किती बसले रे?" तो म्हणायचा, "निम्मं भरलं, आई." मग तिला त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही.

त्या पहाटे मी फोन केला तेव्हा तो ड्यूटीवर निघाला होता. जरा वेळ रडला. मग म्हणाला, "नाना, गाडीने निघालो तर रात्र होईल. दुपारच्या विमानाने येतो. रिकामी सीट असली की स्टाफला बसू देतात. आपलं विमान कधी भरतंय? अग्निडाग मीच देईन. थांबाल ना?"

मी म्हटलं, थांबतो. आजारपणात सुगंधाने एवढंच मागितलं होतं, की ललितच्या हातून जायचं.

आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिला शेवटची साडी माहेरची लागते. ती नेसवल्याशिवाय बाया तिरडी उचलू देत नाहीत. सुगंधाचा सख्खा भाऊ एकच, अमृत. धुळ्याला सरकारी कचेरीत होता, आता रिटायर आहे. त्या आठवड्यात तो नेमका हैदराबादला, त्याच्या मुलीकडे, कामिनीकडे गेलेला. त्याला कळवलं. "साडी घेऊन येतो, दाजी," तो म्हणाला. "अक्काला माझ्याशिवाय उचलू नका."

पण सकाळीच बोदवडहून सुगंधाचा चुलतभाऊ लोटन आला. पिशवीत हिरवी साडी होती. बाया म्हणाल्या, हाही माहेरचाच, उन्हाचं कशाला थांबायचं. त्यांनी तिला आंघोळ घातली, लोटनची साडी नेसवली, बांगड्या भरल्या, कुंकू लावलं. तिरडी बांधून झाली. आता फक्त ललित यायचा होता.

दुपारी त्याचा फोन आला. "नाना, आज सगळी तिकिटं गेली. कंपनीने ऑफर काढलीय. पण एक जरी माणूस वेळेत आला नाही, तर काउंटर बंद झाल्यावर त्याची सीट मला मिळेल. एक जण अजून यायचाय." थोड्या वेळाने परत फोन आला. "नाही जमलं, नाना. गाडी करून निघतो." एवढंच बोलला आणि फोन ठेवला.

मी ओट्यावर तसं सांगितलं. कोणीतरी म्हणालं, "पायलटसाहेबाला त्याच्याच विमानात घेतलं नाही." हसले दोघं-तिघं. सुगंधा आत होती.

उन्हं कलता कलता अमृत पोचला. आधी आत जाऊन रडला, मग बाहेर येऊन पाणी प्यायला आणि माणसांत बसला. विमानात तो पहिल्यांदाच बसला होता.

रतिलालने विचारलं, "बठ्ठं इमान भरेल व्हतं का, अमृतभाऊ?"

"पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचं तिकीट मला मिळालं."

"मंग चालनी म्हना कंपनी."

"चालणार. मी तर लेट झालो होतो. साडीचं दुकान उघडेना. पोचलो तर काउंटर बंद करत होते. ललितने मला लांबून पाहिलं. विचारलं, साडी घेतली का, मामा? म्हटलं, घेतली. मग साहेबाशी बोलून त्याने पास काढला. भाचा काउंटरवर असला की असं असतं."

मी विचारलं, "तुझ्या मागे कोणी आलं होतं का, अमृत?"

"नाही, दाजी. मीच शेवटचा."

त्याची साडी भारी होती. पण बाया म्हणाल्या, आता अंग परत हलवायचं नाही. त्यांनी ती घडी तशीच तिरडीवर ठेवली. दुकानाचं लेबल वर दिसत होतं.

रतिलाल माझ्याजवळ आला. "आते किती वाट देखशात, नाना? ऊन कसं शे, देखा. रात ठेवता येवाव नही." सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. ललित मध्यरात्रीशिवाय पोचणार नव्हता. सूर्य मावळायच्या आत मी स्वतः अग्निडाग दिला.

ललितची गाडी वाटेत बंद पडली. तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर परस्पर स्मशानात आला. आम्ही राख सावडायला गेलो होतो. अंगावर कंपनीचा शर्ट तसाच होता. तो माझ्या गळ्यात पडला नाही. राखेकडे बघत उभा राहिला.

"मामाची साडी वेळेवर पोचली ना, नाना?"

"पोचली."

"तीच नेसवली?"

"तीच."

शेजारी रतिलाल होता. म्हातारा चुकतोय, असं त्याला वाटलं असेल. तो म्हणाला, "नही रे भाऊ. नेसाडी ती लोटनभाऊनी. मामानी तर घडी व्हती, वरतीच ठेवेल व्हती."

ललितने लोटनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लोटनमामा कधी आले होते?"

"सकाळीच," मी म्हटलं.

"मला एक फोन..." तो म्हणाला. मग खाली बसला. राख आतून अजून गरम होती. लोटन म्हणाला, पाणी शिंपडू दे आधी. ललितने ऐकलं नाही, राखेत हात घातला.